काम धरण्याची रीत : पुण्याच्या सुतारकामांतील एक उपेक्षित प्रश्न

पुणें शहराच्या दक्षिणेस गुलटेकडीवर मार्केट यार्ड आहे. त्याच्या आसपास लोखंडी सामान विकणारीं जीं दुकानें आहेत, त्यांपैकीं कोणत्याहि दुकानीं 'होल्डफास्ट' मागितला असतां दुकानदार वीत-दीड वीत लांबीची एक चपटी लोखंडी पट्टी पुढें ठेवितो. तिचें एक टोंक दाराच्या चौकटीस स्क्रूनें बसवावयाचें आणि दुसरें, चिरून फांकविलेलें टोंक भिंतींत गाडावयाचें, म्हणजे चौकट हलत नाहीं. गवंडी, सुतार आणि बांधकामाचा मुकादम हे तिघेहि या शब्दाचा हाच अर्थ समजतात. युरोपांतील सुतार मात्र ज्यास होल्डफास्ट म्हणतो ती वस्तु अगदीं निराळी आहे. तो सुतारी मेजाच्या भोंकांत उभा राहणारा आणि फळीस वरून दाबून धरणारा एक वांकडा लोखंडी आंकडा होय. एका नांवाच्या या दोन वस्तूंपैकीं पहिली पुण्यांत पूर्ण रुळली. दुसरीचा येथील बहुतेक कारागिरांस परिचयहि नाहीं. असें कां झालें, हा प्रश्न वरकरणीं क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या पोटांत आमच्या सुतारकामाच्या इतिहासाचें एक महत्त्वाचें प्रकरण दडलेलें आहे असें आम्हांस वाटतें.

सुतार लांकूड कशानें कापतो, कशानें तासतो आणि कशानें कोरतो याकडे जिज्ञासूंचें लक्ष जातें. करवत, वाकस, रंधा, पटाशी हीं हत्यारें हातीं घेऊन पाहतां येतात व संग्रहालयांत मांडतां येतात. तो लांकूड धरितो कसें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. वास्तविक अर्धें कसब तेथेंच आहे. रंध्याखालीं फळी तिळभर सरकली कीं पृष्ठावर लाट उठते. पटाशीचा घाव बसतांना तुकडा हलला कीं सालाचा कोपरा उडतो. म्हणून घट्ट धरावें, तर ज्या बळानें धरावें त्याच बळानें तयार झालेलें काम दुखावतें. सागवानासारख्या मध्यम कठीण लांकडावर उघड्या लोखंडाचा दाब पडला तर चंद्रकोरीसारखा वण उमटतो आणि रोगण चढविल्यावर तो अधिकच डोळ्यांत भरतो. घट्ट धरावयाचें आणि वण उठूं द्यावयाचा नाहीं, ही अडचण जगांतल्या सर्व सुतारांची आहे. पुण्याच्या सुतारानें ती कशी सोडविली, आणि तो बाकावर काम करीत नसे एवढ्यावरून त्याच्या कसबाविषयीं इंग्रजी अमदानीपासून जो ग्रह रूढ झाला तो कितपत खरा, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

कागदपत्रांचें साहाय्य या कामीं फारसें होत नाहीं. पेशवे दप्तराचे सुमारें पस्तीस हजार मराठी रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहेत, गो. स. सरदेसाई यांनीं त्यांतून निवडून काढलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या कालांत प्रसिद्ध झाले. इमारतींचा जमाखर्च, लांकडाची खरेदी आणि कारागिरांचे रोजमुरे अशा दप्तरांत सांपडतात. पण कारकून खर्च लिहितो, कृति लिहीत नाहीं. सुतारास किती द्यावयाचें हें त्यास ठाऊक असावें लागे. सुतार फळीवर कोणता पाय ठेवितो याच्याशीं त्यास कर्तव्य नव्हतें. तेव्हां या प्रश्नाचा उलगडा चालू प्रघातावरून, कारागिरांच्या शब्दांवरून आणि खुद्द लांकडावरूनच करावा लागतो.

प्रथम त्या परक्या आंकड्याचा परिचय करून घेऊं, कारण त्याच्याशीं तुलना केल्यावांचून आपली रीत नीट दिसत नाहीं. ही वस्तु पुष्कळ जुनी आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगराच्या एका भित्तिचित्रांत पंख असलेलीं बालकें सुतारकाम करीत आहेत आणि त्यांच्या बाकावर असाच आंकडा रोंवलेला आहे. पुढें जोसेफ मॉक्सन यानें १६७८ पासून लंडन येथें भागशः प्रसिद्ध केलेल्या आपल्या हस्तव्यवसायांच्या ग्रंथांत त्याचें होल्डफास्ट हें नांव दिलें. फ्रान्समध्यें आंद्रे-जाकॉब रूबो या स्वतः सुतार असलेल्या ग्रंथकारानें १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथांत मेज, त्यावरील भोंकें व आंकडे यांचीं सविस्तर चित्रें छापलीं. त्याच सुमारास पुण्यांत थोरले माधवराव पेशवे कारभार पाहत होते. फ्रेंच सुतार या आंकड्यास जो शब्द वापरतो त्याचा अर्थ 'चाकर' असा आहे, आणि तो यथार्थ आहे. कारण तिसरा हात व्हावा एवढेंच त्याचें काम.

त्याची क्रिया मोठी चमत्कारिक आहे. मेजाचा माथा तीन-चार इंच जाड असतो. त्यांत पाऊण इंच किंवा इंचभर व्यासाचें भोंक आरपार पाडलेलें असतें आणि आंकड्याचा दांडा त्या भोंकांत सैल उतरतो. सैल असणें हा दोष नसून तेंच त्याचें मर्म आहे. आंकड्याचा पंजा फळीवर टेकवून डोक्यावर मोगरीचा ठोका दिला कीं दांडा किंचित् कलतो. वरच्या बाजूस भोंकाच्या एका कडेस व खालच्या बाजूस समोरच्या कडेस अडतो, आणि तेथील घर्षणानें जागच्या जागीं बसतो. लांकडी कपाटाचा खण एकाच कडेनें ओढला असतां तिरका होऊन जसा घट्ट अडकतो, तसाच हा प्रकार. वांकविलेला लोखंडी हात थोडा लवचीक असतो, म्हणून तो फळीस सारखा दाबीत राहतो. सोडवावयाचा असल्यास दांड्याच्या पाठीमागून एक ठोका पुरतो. भोंक तंग असेल तर दांडा कलतच नाहीं. माथा पातळ असेल तर त्यास पुरेसा आधार मिळत नाहीं, आणि फार जाड असेल तर भोंक खालून थोडें रुंद करावें लागतें. स्क्रू नाहीं, फिरकी नाहीं. दोन ठोक्यांचा कारभार. आजच्या पेंचदार शिकंज्यांहून तो पुष्कळ वेळां जलद चालतो, हें तो वापरणारे अजूनहि सांगतात.

पण पंजा लोखंडाचा आहे, आणि ठोका मोजून देणें कोणास सहसा जमत नाहीं. म्हणून अनुभवी सुतार पंजाखालीं मऊ लांकडाची चकती ठेवितो किंवा पंजाच्या तळास जाड चामडें चिकटवितो. चकती पंजाहून रुंद असावी, म्हणजे दाब एका बिंदूवर न पडतां पसरतो. पंजा शक्य तों अशा जागीं टेकवावा कीं जी पुढें कापून जाणार आहे किंवा सांध्यांत झांकली जाणार आहे. ठोका बेताचा द्यावा. काम सरकूं लागल्यास एक ठोका वाढवितां येतो, पण उठलेला वण ठोक्यानें परत घेतां येत नाहीं. याहून चांगली युक्ति म्हणजे आंकडा कामास लावावयाचाच नाहीं. एका पट्टीच्या टोंकास त्रिकोणी खांच पाडून ती खांच फळीच्या मागील कोपऱ्यास भिडवावयाची, फळीचें पुढचें टोंक मेजावरील खुंटीस टेकवावयाचें, आणि आंकड्यानें दाबावयाची ती फक्त पट्टी. मग फळी रंध्याच्या रेट्यानें पुढेंहि सरकत नाहीं, बाजूसहि सरकत नाहीं, आणि लोखंडाचा स्पर्श तिला होत नाहीं. शेवटची खबरदारी खालच्या पृष्ठाची. वर चकती ठेवून निर्धास्त झालेला सुतार मेजावरचा कचरा झाडण्यास विसरतो, आणि एखादी वाळूची कणी किंवा लांकडाची गांठ खालच्या चांगल्या पृष्ठांत रुतून बसते. वण वरच पडतो ही समजूत अर्धवट आहे. दाब जितका वरून तितकाच खालून असतो.

आतां आपल्या सुतारांकडे वळूं. बारा बलुतेदारांत सुताराचें स्थान वरचें. नांगर, कुळव, पाभर, गाडीचीं चाकें हीं त्याचीं नेहमींचीं कामें; त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत या सर्व व्यवस्थेचें वर्णन आहे. हा सुतार जमिनीवर बसे. फळी तासावयाची असल्यास तिचें टोंक खुंटीस, ठोकळ्यास किंवा भिंतीस टेकवून तो तिच्यावर पाय रोंवी. साल पाडावयाची असल्यास तो लांकडावरच बसे, म्हणजे अंगाचा सगळा भार दाब म्हणून उपयोगास येई. लहान तुकडा दोन्ही तळव्यांत किंवा पायाच्या बोटांत धरी. ज्या दाबासाठीं रूबोच्या सुतारास लोखंड, भोंक, मोगरी व चामडें इतका सरंजाम लागे, तो दाब येथें मनुष्याच्या पायांतून येत असे. आणि लोखंडी पंजास जें चामडें मुद्दाम चिकटवावें लागतें तें येथें निसर्गानेंच तळव्यास लाविलेलें होतें. पायास दुसराहि एक गुण आहे. लांकूड थरथरलें, चिरूं लागलें किंवा सरकूं लागलें तर पायास तें तत्काळ कळतें. आंकड्यास कळत नाहीं.

ही रीत हत्यारांशीं जुळलेली होती हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. जुन्या देशी करवतींचे दांते पुष्कळदां ओढीवर कापणारे असत. करवत ओढली कीं लांकूड सुताराच्या अंगाकडे येऊं पाहतें व पायाशीं अडतें. तीच करवत ढकलण्याची असती तर लांकूड पायांखालून निसटून गेलें असतें. जाड फळीवर मोठा रंधा चालवावयाचा असल्यास एकजण रंधा धरी व समोर बसलेला दुसरा त्यास बांधलेली दोरी ओढी. म्हणजे जेथें एका शरीराचें बळ अपुरें पडे तेथें यंत्र न आणतां दुसरें शरीर आणण्याची ही पद्धत होती. मजुरी स्वस्त व लोखंड महाग असलेल्या देशांत ती गैर म्हणतां येत नाहीं. शिवाय बलुतेदार आपल्या ठिकाणीं बसून राहणारा नव्हता. खळ्यावर, शेतांत, वाड्याच्या चौकांत, जेथें काम तेथें तो हत्यारांची पिशवी घेऊन जाई. मणामणाचें मेज त्यास डोक्यावर वाहून नेतां आलें नसतें.

या रीतीच्या मर्यादाहि स्पष्ट आहेत आणि त्या लपविण्यांत अर्थ नाहीं. पाय थकतो. वाकसाचा घाव चुकला तर लांकडाऐवजीं पाय कापतो. काम निष्कलंक राही आणि वण सुताराच्या अंगीं उमटे, असें कधीं कधीं म्हणावें लागतें. फार मोठें काम पायांनीं धरवत नाहीं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासारखी खिळेबंद, अवजड दारें जुळवितांना पाचरी, दोर, ठोकळे व पुष्कळ माणसें लागलीं असलीं पाहिजेत हें उघड आहे. विश्रामबागवाड्यांतील सुरूदार खांबांसारखें गोल व निमुळतें काम तर सपाट मेजावरहि स्थिर राहत नाहीं. त्यास दोन्ही अंगांस उतार दिलेल्या किंवा मधें खोलगट केलेल्या ठोकळ्यांचा बिछाना लागतो. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उठला. त्याच्या दर्शनी भागाचें कोरीव काम आजहि रस्त्यावरून दिसतें. ज्यांनीं तें केलें त्यांस लांकूड धरण्याचें ज्ञान नव्हतें असें म्हणण्यास फार धाडस लागेल.

सर्वच कामांत अशी काळजी घेतली जाते असें मात्र नव्हे. मार्केट यार्डांत हंगामांत हापूस आंब्याच्या लाकडी पेट्या येतात त्या पाहाव्या. पेटीच्या फळीवर हातोड्याचा वण, फाट, खिळ्याचें वांकलेलें डोकें, सर्व कांहीं असतें, आणि त्यांत कोणास उणें वाटत नाहीं. पेटीचें आयुष्य एका प्रवासाचें. बाभळीच्या नांगरावरहि वाकसाच्या खुणा तशाच राहूं देत. कोठें वण चालेल व कोठें चालणार नाहीं याचा विवेक हाहि कसबाचाच भाग आहे. देव्हारा, दार, पाळणा, संदूक यांस एक नियम आणि पेटीस दुसरा.

मेज पुण्यांत मुख्यतः शाळेच्या व कारखान्याच्या वाटेनें आलें असें दिसतें. १८५४ सालीं येथें 'एंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' ही संस्था निघाली; पुढें तिचेंच अभियांत्रिकी महाविद्यालय झालें. मुंबईस १८५७ सालीं सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा सुरू झाली, आणि १८७९ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा परळ येथील कारखाना उभा राहिला. अशा ठिकाणीं उभ्यानें, मेजावर, ठराविक वेळांत काम करण्याची शिस्त लागली. बळ वाढलें, लांब फळ्या एकट्यास तासतां येऊं लागल्या, पाय वांचले. हे लाभ खरे आहेत. परंतु त्यांबरोबर असें एक मतहि आलें कीं जमिनीवर बसून पायानें लांकूड धरणारा सुतार म्हणजे सुधारणेपूर्वींचा मनुष्य. प्रवासवर्णनांत तो कौतुकाचा विषय झाला, शिक्षणाच्या चर्चेंत दुरुस्तीचा. आमच्या मतें येथें दोन भिन्न व्यवस्थांची एकाच गजानें मोजणी झाली. बाकाची व्यवस्था बळ वाढविते व त्या बळापासून कामाचें रक्षण करण्यासाठीं चामडें, चकत्या व खांचेच्या पट्ट्या आणते. जमिनीवरील व्यवस्था आरंभापासूनच बळ मर्यादित ठेविते, म्हणून तिला त्या उपायांची गरज पडत नाहीं. चकतीचा अभाव पाहून अज्ञान ठरविणें म्हणजे अनवाणी चालणाऱ्याच्या जोड्यास टांच नाहीं म्हणून हंसण्यासारखें आहे.

शब्दांची साक्षहि याच दिशेची आहे. पाचर, खुंटी, ठोकळा, मोगरी हे शब्द घरचे आहेत. पाचर मारणें हा प्रयोग तर सुतारवाड्याबाहेर पडून राजकारणांतहि शिरला. याउलट दाबून धरणाऱ्या यंत्रांचीं नांवें बाहेरचीं. शिकंजा फारशींतून आला, आणि तो पुस्तकें बांधणाराचा दाब व गुन्हेगाराच्या छळाचें साधन या दोन्ही अर्थांनीं आला. व्हाइस इंग्रजींतून आला. होल्डफास्ट हा शब्द आमच्या तर्कानें सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांतून पसरला असावा, कारण त्या खात्याच्या भाषेंत तो चौकटीच्या पट्टीचाच वाचक आहे. मेजावरचा आंकडा येथें त्याबरोबर न येण्याचें कारणहि समजण्याजोगें आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी पद्धतीच्या कारखान्यांतच स्क्रूच्या व्हाइसनें त्यास मागें सारलें होतें. म्हणजे आमचा सुतार पायावरून थेट व्हाइसवर गेला. मधली पायरी त्यानें चढली नाहीं. पुण्यांत घरोघरीं जाऊन कपाटें करणारे कारागीर तर अजूनहि पुष्कळदां फरशीवर बसून, प्लायवूडची फळी गुडघ्यानें व तळव्यानें दाबून काम करितात. करवत तेवढी विजेची झाली आहे. फिरत्या पात्याजवळ पाय ठेवणें ही गोष्ट मात्र जुन्या रीतीस अभिप्रेत नव्हती, आणि येथें शिकंजा न वापरणें यास परंपरा म्हणतां येणार नाहीं.

राहतां राहिली लांकडाची साक्ष. ती झपाट्यानें नष्ट होत आहे, म्हणूनच हा विषय आतां मांडणें आम्हांस अगत्याचें वाटलें. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला, व २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत त्याचें आंतील बहुतेक लांकूडकाम जळालें. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरांत नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे कोसळले. त्यानंतर जे उरले ते एकामागून एक पाडून त्या जागीं इमारती उठत आहेत. नाना व भवानी पेठांतील घाऊक व्यापार पूर्वींच गुलटेकडीस मार्केट यार्डांत गेला. लांकडाचा बाजार मात्र तेथून उत्तरेस, भवानी पेठेच्या बाजूस राहिला. पाडलेल्या वाड्यांचें जुनें सागवान विक्रीस येतें. तुळया, खांब, चौकटी, तक्तपोशीच्या फळ्या यांस गिऱ्हाईक चांगलें मिळतें, कारण तसें मुरलेलें लांकूड नवें मिळत नाहीं. विकत घेणारा तें प्रथम रंध्याच्या यंत्रांतून काढितो. यंत्र पृष्ठाचा पातळ थर घेतें, आणि नेमक्या त्याच थरांत दोनशें वर्षांपूर्वींच्या सुतारानें तें लांकूड कसें धरिलें होतें याच्या खुणा असतात. दस्तऐवज जाळावा तसाच हा प्रकार, फक्त येथें धूर होत नाहीं.

म्हणून जुन्या चौकटी व तुळया यंत्रांत जाण्यापूर्वीं कोणी तरी त्या उलथून पाहाव्या. दर्शनी पृष्ठ पाहून उपयोग नाहीं. चांगला सुतार तेथील वण राहूं देत नाहीं. तंतु तुटलेले नसून केवळ दबलेले असतील तर ओल्या फडक्यावर तापलेलें लोखंड फिरविलें कीं वाफेनें ते फुगून वर येतात, आणि मग हलका रंधा मारला कीं कांहीं घडलेंच नाहीं असें दिसतें. तेव्हां निर्मळ पृष्ठ म्हणजे वण पडलाच नव्हता असा पुरावा होत नाहीं. पाहावयाच्या त्या झांकलेल्या जागा: भिंतीकडील पाठ, सालाचे खांदे, कुसवांच्या बाजू, तुळईचें भिंतींत गेलेलें टोंक. तेथें वण घालविण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. पाचरीचा चावा असेल तर उतरत्या उताराचा चौकोनी खळगा दिसेल, दोराचा काच असेल तर कडा गोलावलेल्या दिसतील, लोखंडी पंजा असेल तर चंद्रकोर दिसेल. तळव्यानें धरिलेल्या लांकडावर यांपैकीं कांहींच सांपडणार नाहीं. अशीं पन्नास-शंभर लांकडें तारीख, वाडा व जागा यांच्या नोंदीसह पाहिलीं गेलीं, तर १८५४ पूर्वींच्या व नंतरच्या कामांत चंद्रकोरींचें प्रमाण बदलतें कीं काय हें सांगतां येईल.